ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्सयूएसबी: घरी रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी सविस्तर परीक्षण

घरी बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या गप्पांत "कोणतं टर्नटेबल घेऊ?" हा प्रश्न निघाला की ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्सयूएसबीचं नाव येतंच. कारण सरळ आहे. या टर्नटेबलवर जवळजवळ सगळं हाताने जुळवता येतं: सुईचा भार, आर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) उंची, अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून लावलेली उलटी ओढ), वेग, कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग). आणि त्याच्याबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळही तिथेच आहे. खोक्यातून काढून अंदाजपंचे जोडलेलं एलपी१२०एक्स आणि तासभर बसून नीट जुळवलेलं एलपी१२०एक्स यांच्या आवाजात जो फरक पडतो, तो महागडी केबल लावून कधीच पडत नाही. म्हणून या परीक्षणात आवाजाइतकीच जागा जुळवणीला दिली आहे.

हे मॉडेल २०१९ मध्ये आलं. आधीच्या एलपी१२०ची ही सुधारलेली आवृत्ती. रूप १९७२ सालच्या टेक्निक्स एसएल-१२०० च्या वळणाचं आहे: एस आकाराचा आर्म, कडेवर ठिपके असलेला प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी), उजव्या हाताला वेगाची सरकपट्टी. मोटर डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मध्ये पट्टा नाही. प्लॅटर थेट मोटरच्या दांड्यावर बसतो आणि क्वार्ट्झचा स्फटिक त्याचा वेग धरून ठेवतो. पट्टा सैल पडून काही वर्षांनी वेग घसरू लागला, हा त्रास इथे नाही. ३३⅓, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग मिळतात. ७८ साठी ३३ आणि ४५ ची बटणं एकदम दाबायची. जुन्या मॉडेलमध्ये आत असलेला ट्रान्सफॉर्मर आता अडॅप्टरच्या रूपाने बाहेर आहे, आणि मागची आरसीए केबल (अँप्लिफायरकडे आवाज नेणारी तार) काढता-घालता येते. केबल खराब झाली तर यंत्र उघडायची गरज पडत नाही, ही सोय छोटी वाटली तरी मोलाची आहे.

जुळवणीची सुरुवात जागेपासून. टेबल जड आणि न डुलणारं हवं. टर्नटेबलचे चारही पाय फिरवून वर-खाली होतात, तेव्हा प्लॅटरवर छोटी पाणसळ ठेवून आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून पातळी बघून घ्यावी. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नयेत. स्पीकरचं कंपन टेबलातून सुईपर्यंत पोचतं, सुई ते पुन्हा स्पीकरकडे पाठवते, आणि आवाज जरा वाढवला की खर्जात घुमारा सुरू होतो. मोठ्या आवाजात ऐकताना वरचं पारदर्शक झाकणही काढून बाजूला ठेवलेलं बरं, कारण तेही डफासारखं थरथरतं.

आता आर्म. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आधी अँटीस्केटची चकती शून्यावर आणावी आणि सुईवरचं प्लास्टिकचं झाकण काढावं. झाकण राहिलं तर त्याचंही वजन मोजलं जातं. क्यू लिव्हर (आर्म हळूच वर-खाली करणारा दांडा) खाली करून आर्म क्लिपमधून सोडवावा आणि प्लॅटरच्या अलीकडे धरावा, म्हणजे सुई कशालाही टेकणार नाही. मागचं वजन थोडं थोडं फिरवत जावं. आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगला, वरही जात नाही आणि खालीही येत नाही, की तोल साधला. आर्म परत क्लिपमध्ये अडकवावा, वजन घट्ट धरावं आणि फक्त त्याच्या पुढची आकड्यांची चकती फिरवून तिचा शून्य आर्मवरच्या रेघेशी जुळवावा. यानंतर वजन आणि चकती दोन्ही मिळून फिरवत २ हा आकडा रेघेवर आणावा. झाले २ ग्रॅम.

शेवटच्या पायरीला नुसती चकतीच २ वर फिरवली तर आकडा २ दिसतो आणि सुईवरचा भार मात्र शून्यच राहतो. मग सुई खाचेत बसत नाही, रेकॉर्डवरून घसरत जाते, आणि दोष टर्नटेबलच्या माथी मारला जातो. सोबत येणाऱ्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजसाठी १.८ ते २.२ ग्रॅम ही मर्यादा आहे आणि २ ग्रॅम हा शिफारस केलेला भार. भार जितका हलका तितकी रेकॉर्ड सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. भार कमी पडला की जोरकस जागांवर सुई खाचेच्या भिंतीपासून सुटते आणि पुन्हा तिच्यावर आपटते. भिंत खरवडली जाते ती या आपटण्याने. चकतीवरचे आकडे बऱ्यापैकी खरे असतात, पण छोटा डिजिटल वजनमापक मिळाला तर एकदा खात्री जरूर करावी. मापक ठेवल्यावर सुई रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर असायला हवी, नाहीतर आकडा फसवा येतो.

अँटीस्केटही मग २ वर. रेकॉर्ड फिरताना घर्षणामुळे आर्म केंद्राकडे ओढला जातो. अँटीस्केट त्याला तेवढ्याच जोराने बाहेर ओढून धरतं. ते कमी पडलं तर सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि उजव्या स्पीकरमधला आवाज आधी फाटू लागतो. जास्त झालं तर डाव्या. ही खूण लक्षात ठेवली तर कानानेच चकती थोडी इकडे-तिकडे करता येते.

आर्मची उंची बदलायची सोय या वर्गातल्या फार थोड्या टर्नटेबलांवर असते. बुडाशी कुलपाचा खटका आहे. तो सैल करून कडं फिरवायचं. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्मची नळी बाजूने बघावी: ती रेकॉर्डला समांतर दिसली पाहिजे. मागची बाजू फार वर राहिली तर आवाज टोचरा होतो, फार खाली गेली तर दबतो. खटका पुन्हा घट्ट करायला विसरू नये. यानंतर सुई खाली टेकवायच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि समोरून बघावं. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत हवं. तिरपं दिसलं तर हेडशेलची (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाची) मागची कडी सैल करून हेडशेल किंचित फिरवता येतं. कारखान्यातून कार्ट्रिज बसवूनच येतं. तरी दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायचा छापील आराखडा) छापून एकदा तपासावं. छापताना कागदाच्या मापात बसवण्यासाठी प्रिंटर आकार कमी करतो, म्हणून छापलेली मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून मगच वापरावी.

जोडणीत एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे मागचं फोनो/लाइन हे बटण. कार्ट्रिजमधून येणारा आवाज जेमतेम ४ मिलिव्होल्टचा असतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर वरचढ केलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे (रेकॉर्ड उद्योगाच्या प्रमाण आलेखाप्रमाणे) ते पुन्हा उलटं करून घ्यावं लागतं. हे काम फोनो प्रिअँप करतो. अँप्लिफायरवर फोनो लिहिलेली जागा असेल तर तार तिथे लावून बटण फोनोवर ठेवावं आणि जमिनीची (अर्थिंगची) बारीक तारही जोडावी, नाहीतर सतत घूंऽऽ असा आवाज येत राहतो. तशी जागा नसेल, किंवा आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर असतील, तर बटण लाइनवर, म्हणजे टर्नटेबलच्या आतला प्रिअँप कामाला लागतो. लाइनवर ठेवून तार फोनोच्या जागी लावली तर दोन प्रिअँप एकावर एक येतात: आवाज प्रचंड, फाटलेला आणि खर्जाने भरलेला. उलट केलं तर आवाज अगदी बारीक आणि पातळ. या दोन लक्षणांवरून चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

आतला प्रिअँप कामचलाऊपेक्षा बरा आहे. सुरुवातीला वेगळा घेण्याची घाई करू नये. पण रात्रीच्या शांततेत, हेडफोनवर, संथ आलापाच्या मधल्या जागांत त्याची हलकी सळसळ ऐकू येते. चांगल्या बाहेरच्या प्रिअँपने ती पार्श्वभूमी काळीभोर होते आणि वाद्यं एकमेकांपासून सुटी वाटतात. सुधारणेचा क्रम लावायचा तर मात्र सुई आधी, प्रिअँप नंतर.

याचं कारण रेकॉर्डच्या आतल्या भागात आहे. १२ इंची एलपीचा फिरण्याचा वेग सगळीकडे तोच असला तरी सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बदलतो. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सुईखालून जाते. शेवटच्या गाण्यापाशी ती साधारण २१ सेंटिमीटरवर येते. म्हणजे १०,००० हर्ट्झचं एक आवर्तन बाहेर ५१ मायक्रॉन लांब असतं आणि आत फक्त २१ मायक्रॉन. व्हीएम९५ई ची लंबवर्तुळी सुई बाजूने सुमारे ७.६ मायक्रॉन त्रिज्येची आहे. बाहेरच्या वळणांत ती आरामात वळते, आतल्या चिमुकल्या वळणांत अडते. परिणाम प्रत्येकाने ऐकलेला असतो: बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा 'स' आणि 'श' फुत्कारासारखा येतो, झांजा चुरगळलेल्या कागदासारख्या वाजतात. जुळवणी चोख केल्यावर हे कमी होतं, पण पूर्ण जात नाही.

व्हीएम९५ मालिकेचं मोठेपण इथे दिसतं. कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. हिरव्या प्लास्टिकची ई काढायची आणि लाल एमएल, म्हणजे मायक्रोलिनिअर, बसवायची. तिची बाजूची त्रिज्या सुमारे ३ मायक्रॉन आहे. तोच 'स' आता 'स' वाटतो, आणि पहिल्या गाण्याची स्वच्छता शेवटच्या गाण्यापर्यंत टिकते. या टर्नटेबलवर एकच बदल करायचा असेल तर हाच करावा. आयुष्याचा हिशेबही तिच्या बाजूचा आहे: कंपनीच्या अंदाजानुसार लंबवर्तुळी सुई सुमारे ३०० तास चालते, मायक्रोलिनिअर सुमारे १,०००. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी, म्हणजे साधारण ४० मिनिटं, ऐकली तर पहिलीला सव्वा वर्ष, दुसरीला चार वर्षं. सुई बदलताना हेडशेल आर्मवरून काढून हातात घ्यावं, कार्ट्रिजचं अंग धरावं आणि सुईचा प्लास्टिकचा भाग पुढे-खाली ओढावा. आर्मला लटकतं ठेवून ओढाताण केली तर आर्मच्या बेअरिंगला धक्का बसतो. आणखी एक: मायक्रोलिनिअर सुई जुळवणीतली चूक माफ करत नाही. कोन चुकलेला असेल तर ती साध्या सुईपेक्षा वाईट वाजेल.

वेगाच्या बाबतीत हे टर्नटेबल विश्वासाचं आहे. तपासायचं तर पियानोचा लांब धरलेला स्वर किंवा तानपुऱ्याचा जोड ऐकावा. वेग डगमगत असेल तर तिथे लगेच लाट जाणवते. इथे स्वर स्थिर राहतो. लाट ऐकू आलीच तर आधी रेकॉर्डचं मधलं भोक बघावं, कारण ते केंद्रातून जरा सरकलेलं असलं की कोणत्याही टर्नटेबलवर दर फेरीला सूर वर-खाली होतो. ऐकताना क्वार्ट्झचं बटण चालू असल्याची खात्री करावी. ते बंद असेल आणि सरकपट्टीला धक्का लागला असेल तर सूर किंचित चढतो किंवा उतरतो आणि कारण लक्षात येत नाही.

हीच सरकपट्टी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मात्र ठेवा आहे. वेग ६ टक्क्यांनी वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. ८ टक्क्यांच्या मर्यादेतच सव्वा अर्धस्वर मिळतो. १६ ची मर्यादा घेतली तर अडीच. लयही बदलते हे खरं, पण आपली पेटी किंवा बासरी रेकॉर्डशी जुळवून सोबत वाजवायची असेल तर याहून सोपा मार्ग नाही. जुन्या ७८ च्या तबकड्यांसाठीही तिचा उपयोग होतो, कारण त्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे नेमका ७८ नसे. गायकाचा आवाज बालिश किंवा जड वाटला की पट्टी थोडी सरकवून बघावी.

मात्र ७८ चा वेग आहे म्हणून सोबतच्या सुईनेच ७८ लावू नये. एलपीची सुई समोरून साधारण १८ मायक्रॉनच्या त्रिज्येची, तर ७८ ची खाच तिच्या कितीतरी पट रुंद आणि सुमारे ७६ मायक्रॉनच्या सुईसाठी बनलेली. बारीक सुई खाचेच्या तळाशी, जिथे धूळ आणि दशकांचा भुगा साचलेला असतो, तिथे घरंगळत राहते. ऐकू येते ती फक्त खरखर. शिवाय ७८ च्या लाखेच्या तबकड्यांत भरणासाठी खनिजाची पूड असते, ती बारीक सुई लवकर झिजवते. याच कार्ट्रिजवर बसणारी एसपी नावाची सुई ७८ साठी आहे. तिला एलपीपेक्षा बराच जास्त भार लागतो, तो तिच्या सोबतच्या कागदावर पाहून वजनमापकाने लावावा, आणि एलपीवर परतताना आधी भार कमी करावा. दोन हेडशेल ठेवून त्यांवर दोन कार्ट्रिज बसवले तर सुया काढण्या-घालण्याचा व्याप वाचतो. लाखेची तबकडी पुसायला अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रावण वापरू नये. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी आणि साबणाच्या द्रावणाचा एखादा थेंब पुरतो, आणि मधलं लेबल कोरडं ठेवावं.

यूएसबीची सोय जपणुकीसाठी ठीक आहे. १६ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झपर्यंत ध्वनिमुद्रण होतं. रेकॉर्डच्या आवाजाला ते पुरेसं आहे. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर चालतं. विंडोज कधीकधी या यंत्राला मायक्रोफोन समजतं आणि एकाच चॅनेलवर घेतं, म्हणून ध्वनीच्या सेटिंगमध्ये दोन चॅनेल निवडलेले आहेत का ते पाहावं. आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. सगळ्यात जोरकस गाणं आधी लावून ती ठरवावी. पूर्ण बाजू एका दमात घेऊन नंतर गाणी कापावीत. २० मिनिटांच्या बाजूला सुमारे २१० एमबी लागतात.

उणिवाही सांगायला हव्यात. सोबतची फेल्टची मॅट कोरड्या हवेत स्थिर वीज धरते, रेकॉर्ड उचलली की तिला चिकटून वर येते. रबर किंवा कॉर्कची मॅट बरी, पण जाडी बदलली की आर्मची उंची पुन्हा जुळवावी लागते. क्यू लिव्हरने आर्म खाली सोडताना अँटीस्केटच्या ओढीने तो थोडा बाहेर सरकतो. गाण्याच्या नेमक्या सुरुवातीला सुई टेकवायची तर थोडं आतून सोडावं. बाजू संपल्यावर आर्म आपोआप परत येत नाही. ऐकता ऐकता झोप लागणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं, कारण शेवटच्या खाचेत सुई रात्रभर फिरत राहील, आणि वर केलेला हिशेब बघता सात तास म्हणजे लंबवर्तुळी सुईच्या आयुष्याचा दोन टक्क्यांहून जास्त भाग. ज्यांना फक्त बटण दाबून ऐकायचं आहे, त्यांनी याच कंपनीचं पूर्ण स्वयंचलित एलपी६०एक्स घ्यावं. तिथे मात्र भार आणि कार्ट्रिज कारखान्यातलंच राहतं.

वापरलेलं यंत्र घेणार असाल तर तीन गोष्टी जागेवरच बघा. प्लॅटर चालू करून त्याच्या कडेवरचे ठिपके शेजारच्या दिव्यासमोर स्थिर दिसतात का (तसे दिसले तर वेग बरोबर आहे). आर्मचा तोल शून्यावर आणून त्याला हलकी फुंकर मारा. तो न अडखळता तरंगत जायला हवा, मध्येच थबकला तर बेअरिंग दुखावलेली आहे. आणि हेडशेल धरून अगदी हळू पुढे-मागे ढकलून बघा, आर्ममध्ये खडखड जाणवली तर ते यंत्र घेऊ नका. सुई जुनी असेल तर तिची चिंता नको. ती तशीही बदलायचीच आहे.